एकाच वाडीतले दोन भाऊ

वसईच्या एका शाळेत शिक्षकांचे शिबिर होते. आम्हांला 'आनुवंशिकता' हा विषय दिला होता. मेंडेलचे वाटाणे, रंगांधळेपणा, रक्तगट असे सगळे यथासांग सांगून झाले. चहाच्या सुट्टीत एक बाई कप हातात घेऊन जवळ आल्या. त्यांचे माहेर निर्मळच्या बाजूला. घरची वाडी; केळी, पानवेली, थोडी फुले, हिवाळ्यात भाजी. "सर, माझ्या बाबांना नऊ वर्षं झाली कंपवाताला," त्या म्हणाल्या. "काका त्यांच्याहून दोन वर्षांनीच लहान. दोघांनी एकाच वाडीत जन्मभर औषध मारलं. काकांना काही नाही. मग हे रक्तातून आलं म्हणायचं की औषधातून? आता पंप माझ्या भावाच्या पाठीवर असतो, म्हणून विचारते."

आम्ही "थोडे हे, थोडे ते" असे काहीतरी पुटपुटलो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अशा उत्तराचा कोणाला उपयोग नसतो. आनुवंशिकता आणि परिस्थिती यांची बेरीज करून रोग होतो, असे आपण वर्गातही शिकवतो. कंपवाताचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर इथे बेरजेपेक्षा गुणाकार अधिक चालतो असे दिसते. तो इतिहास त्या बाईंना सांगायचा राहून गेला, म्हणून येथे सांगतो.

कंपवात हे नाव आपल्याकडे जुने आहे. आधुनिक वैद्यकात या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली केले. त्याच्या निबंधात रुग्ण अवघे सहा, आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्यावर जाता-येता पाहिलेले! हात थरथरणे, पुढे झुकून लहान लहान पावले टाकत चालणे, ही लक्षणे त्याने अचूक टिपली. कारण मात्र त्याला सापडले नाही. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे ते कोणालाच सापडले नाही.

कोडे सुटण्याची सुरुवात एका अर्थी मुंबईत झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळे काढण्यात आले. औषध म्हणून ते भरपूर वापरले जाऊ लागले, तेव्हा काही रुग्णांचे अंग कंपवाताच्या रुग्णासारखे आखडते असे ध्यानात आले. औषध थांबवले की आखडणेही थांबे. १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचले आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामीन तयार होते. रेसर्पिनने त्याचा साठा रिकामा केला होता आणि एल-डोपाने तो पुन्हा भरला. १९६० साली व्हिएन्नात कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले गेले, त्यांतही डोपामीन फारच कमी निघाले. मेंदूच्या तळाकडे काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तेथील पेशी ते बनवतात. कंपवातात याच पेशी मरतात.

(जाता जाता एक गोष्ट. आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांतून एल-डोपा १९३७ सालीच मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळे काढले होते. त्या पदार्थाचे पुढे काय होणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.)

सशांवरून एवढे कळले की बाहेरून आलेले रसायन कंपवाताचे सोंग आणू शकते. पण रेसर्पिनचे सोंग उतरते. खरा रोग उतरत नाही, कारण पेशी मेलेल्या असतात. बाहेरचे रसायन नेमक्या त्याच पेशी मारू शकते का? याचे उत्तर १९८२ साली कॅलिफोर्नियात अगदी आडवाटेने मिळाले. तेथे काही तरुण व्यसनी माणसे एकाएकी पुतळ्यासारखी गोठलेल्या अवस्थेत इस्पितळांत आली. ती बोलत नव्हती आणि हलतही नव्हती. विल्यम लँग्स्टन या मेंदूविकारतज्ज्ञाने धागे जुळवले. सगळ्यांनी चोरट्या प्रयोगशाळेत केलेले नकली हेरॉइन टोचून घेतले होते, आणि ते बनवताना चुकून एमपीटीपी नावाचे भलतेच रसायन तयार झाले होते. चार रुग्णांची ही हकीकत १९८३ साली 'सायन्स'मध्ये छापून आली.

पुढचे संशोधन एखाद्या गुन्ह्याच्या तपासासारखे आहे. एमपीटीपी स्वतः फारसे विषारी नसते. मेंदूतले एक विकर त्याचे रूपांतर एमपीपी-प्लस या रेणूत करते. डोपामीन पेशीत परत ओढून घेणारे एक दार असते, त्या दारातून हा रेणू आत शिरतो. आत गेल्यावर तो पेशीच्या ऊर्जाघरांना, म्हणजे तंतुकणिकांना, बंद पाडतो. ज्या पेशींना ते दार नाही, त्या वाचतात. शिक्षकांनी ध्यानात ठेवावे असे आणखी एक म्हणजे, एमपीटीपीने माकडे आणि छोटे उंदीर आजारी पडतात, पण प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना त्याचे फारसे काही होत नाही. छोट्या उंदरांतही काळ्या रंगाचा एक वाण चटकन बळी पडतो आणि काही पांढरे वाण बरेच टिकाव धरतात. विष तेच आणि मात्रा तीच, तरी निकाल वेगळा. निर्मळच्या दोन भावांचा प्रश्न पिंजऱ्यात आधीच विचारला गेला होता म्हणा ना!

आता शेताकडे वळू. एमपीपी-प्लसची रचना कागदावर काढली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ चमकले. ती पॅराक्वाट या तणनाशकासारखी दिसत होती. इतकेच नव्हे, तर खुद्द एमपीपी-प्लस पूर्वी एकदा तणनाशक म्हणून तपासले गेले होते. दिसण्यातले साम्य फसवेही असते. पॅराक्वाट त्याच मार्गाने पेशी मारत नाही, ते पेशीत प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे सतत तयार करत राहते. पण संशय निर्माण झाला तो झालाच. २००० साली अमेरिकेतल्या टिम ग्रीनामायर यांच्या गटाने मोठ्या उंदरांना रोटेनोन हे कीटकनाशक कित्येक आठवडे थोडे थोडे दिले आणि त्यांच्या मेंदूत कंपवातासारखे बदल घडवून आणले. रोटेनोन हे वनस्पतिजन्य विष आहे. डेरिस कुळातल्या वेलींच्या मुळांत ते असते, आणि जगभरचे मासेमार ही मुळे कुटून मासे गुंगवण्यासाठी पाण्यात टाकत आले आहेत. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' असे मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण हाताशी ठेवावे. याही प्रयोगात सगळे उंदीर आजारी पडले नाहीत.

मग आनुवंशिकतेचे काय? विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत कंपवात वंशाने येत नाही असेच बहुतेक तज्ज्ञ मानत. जुळ्यांच्या पाहण्यांचा त्यांना आधार होता. १९९९ साली कॅरोलिन टॅनर यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांपैकी जुळ्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. पन्नाशीनंतर रोग झालेल्यांत एकरूप जुळे आणि साधे जुळे यांत काही फरक आढळला नाही. पन्नाशीच्या आत रोग झालेल्यांत मात्र आनुवंशिकतेचा ठसा स्पष्ट होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९९७ मध्ये, इटलीतल्या कॉन्तुर्सी गावातून अमेरिकेत गेलेल्या एका मोठ्या घराण्यात अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला होता. पुढच्या वर्षी जपानमध्ये पार्किन हे जनुक मिळाले आणि नंतर रांगच लागली. अशा एकाच जनुकामुळे होणारा कंपवात मात्र एकूण रुग्णांत थोड्यांनाच असतो.

आपल्याकडचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईचा आहे. नादिर भरुचा, एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन पाहणी केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. १४,०१० माणसांत कंपवाताचे ४६ रुग्ण, म्हणजे लाखामागे ३२८. काश्मीरच्या एका ग्रामीण खोऱ्यात पुढे अशीच पाहणी झाली, तेव्हा आकडा लाखामागे १४ आला. एवढा फरक! पण येथे घाई करू नये. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण फार मोठे आहे आणि कंपवात हा उतारवयाचा रोग. वयाची दुरुस्ती केली की पारश्यांचा आकडा बराच खाली येतो. तरीही लहान आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्ने करणारा हा समाज आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना खुणावत राहतो. आजच्या पालघर जिल्ह्याशी त्यांचे नाते जुने आहे. डहाणू तालुक्यातल्या बहारोटच्या गुहांत त्यांचा पवित्र अग्नी बारा वर्षे लपवून ठेवला होता, असे परंपरा सांगते. मुंबईच्या बागांत राहणाऱ्या या मंडळींच्या पाठीवर फवारणीचा पंप नव्हता, हेही लक्षात घ्यावे. रोगाकडे जाणारी वाट एकच नाही.

पारश्यांचेच आणखी एक उदाहरण आमच्या मते या विषयाची किल्ली आहे. प्रायमाक्विन ही हिवतापाची गोळी वसई-विरारमध्ये कोणाला सांगायला नको. ती घेतल्यावर काही माणसांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. १९५६ साली अमेरिकेत याचे कारण सापडले. या माणसांत जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव असते. ही उणीव एक्स गुणसूत्रावरून येते आणि पारशी समाजात ती इतरांपेक्षा जास्त आढळते. आता पाहा: जनुक सदोष आहे पण गोळी घेतली नाही, तर माणूस बहुधा ठणठणीत. गोळी घेतली पण जनुक चांगले आहे, तरी ठणठणीत. दोन्ही एकत्र आले की कावीळ. येथे आजारात जनुकाचा वाटा किती टक्के आणि गोळीचा किती, हा प्रश्नच निरर्थक आहे. आयताच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा किती आणि रुंदीचा किती, असे विचारण्यासारखे ते होईल.

ही कल्पना कारखान्यांना आणि शेतांना लावण्याची सूचना जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३८ सालीच केली होती. कुंभारकामाच्या कारखान्यांतले पुष्कळ कामगार धुळीने छातीच्या विकाराला बळी पडतात, पण काही त्याच धुळीत म्हातारे होतात. हा फरक काही अंशी जन्मजात असेल, असे त्यांचे म्हणणे. पुढे हॉल्डेन भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. कंपवाताच्या बाबतीत पहिला प्रयत्न कॅनडाच्या आंद्रे बार्बो यांनी केला. १९८५ च्या सुमारास त्यांनी क्वेबेक प्रांताचा नकाशा मांडून, जेथे कीटकनाशके अधिक तेथे कंपवातही अधिक, असे दाखवले. त्याच वेळी औषधांचे विघटन करणारे यकृतातले एक विकर रुग्णांमध्ये मंद असते, असा दावा त्यांनी केला. लगेच १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. नंतरच्या पाहण्यांत कधी त्यांचे म्हणणे टिकले, कधी नाही. २००४ साली फ्रान्समध्ये अलेक्सी एल्बाझ यांनी शेतकऱ्यांच्या विमा योजनेतले रुग्ण अभ्यासले, तेव्हा त्याचे कारण उमगले. मंद विकरामुळे एकट्याने धोका फारसा वाढत नव्हता. मंद विकर आणि कीटकनाशक एकत्र आले की वाढत होता. बार्बो यांच्यानंतरच्या अनेकांनी जनुक आणि रसायन वेगवेगळे मोजले होते. जी-सिक्स-पीडीच्या बाबतीत कोणी गोळीची चौकशी न करता नुसती जनुके मोजली असती, तर असाच गोंधळ झाला असता.

सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांतले आहे. तेथे १९९३ पासून परवानाधारक फवारणी करणारे आणि त्यांचे कुटुंबीय यांचा दीर्घकाळ पाठपुरावा चालला आहे. कोणी कोणते औषध किती वर्षे वापरले, याची माहिती त्यांत मिळते. २०११ साली टॅनर यांच्या गटाने त्यातून दाखवले की पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आहे. पुढच्या वर्षी सॅम्युएल गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी यांतल्याच ८७ रुग्ण आणि ३४३ निरोगी माणसांचे जीएसटी-टी-वन हे जनुक तपासले. विषारी पदार्थांची विल्हेवाट लावायला मदत करणारे विकर हे जनुक घडवते. काही माणसांत त्याच्या दोन्ही प्रती गहाळ असतात. या ४३० जणांत अशी ९५ माणसे होती आणि पॅराक्वाट वापरलेले ७३ होते.

जनुक शाबूत असलेल्यांत पॅराक्वाटमुळे धोका दीड पट दिसला, आणि तोही खात्रीचा नव्हे. जनुक गहाळ असलेल्यांत तो अकरा पट होता. या 'अकरा'ला आम्ही डोळे झाकून मान देत नाही. नमुना लहान असल्याने खरा आकडा तीनपासून चव्वेचाळीसपर्यंत कोठेही असू शकतो, असे संशोधकांनीच नोंदवले आहे. पण खालची कडा तीन आहे, एक नाही, हे महत्त्वाचे. सगळ्यांची सरासरी घेतली असती, तर ही दोन टोके एकमेकांत मिसळून गेली असती.

जनुक गहाळ असणे हा काही दुर्मीळ प्रकार नव्हे. आपल्याकडच्या पाहण्यांत साधारण पाच-सहा माणसांमागे एक असा निघतो, पूर्व आशियात तर जवळजवळ निम्मे लोक. त्यांतले बहुतेक सगळे निरोगी आयुष्य जगतात. वर्गासाठी एक गणित: आई आणि वडील दोघांकडे या जनुकाची एकेकच प्रत शाबूत असेल, तर दोन भावांपैकी नेमक्या एकाच्या वाट्याला दोन्ही गहाळ प्रती येण्याची शक्यता किती? मुले आठात तीन हे उत्तर सहज काढतील.

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातही बिआटे रिट्झ यांच्या गटाने असेच काम केले आहे. तेथे कोणत्या शेतावर केव्हा काय फवारले, याची नोंद कायद्याने ठेवावी लागते. तिच्या आधारे, शेतापासून पाचशे मीटरांच्या आत राहणाऱ्यांनाही पॅराक्वाट आणि मॅनेब या बुरशीनाशकाचा एकत्रित त्रास पोचतो, असे २००९ साली दिसले. खासगी विहिरींचे पाणी पिणाऱ्यांचाही त्यांनी वेगळा विचार केला. वसईत बावखलांच्या काठावर पंप धुताना पाहिलेल्या माणसाला हे वाचून चैन पडत नाही. बेनोमिल हे बुरशीनाशक डोपामीनच्या विषारी अवशेषांची विल्हेवाट लावणारे विकर अडवते, हेही त्याच गटातून पुढे आले.

फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशकांमुळे होणारा कंपवात शेतीव्यवसायातला रोग म्हणून मान्य केला. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे, केरळने २०११ साली त्यावर बंदी घातली. भारत सरकारच्या २०१८ च्या बंदीच्या यादीत बेनोमिल होते, पॅराक्वाट नव्हते. आपल्याकडे विषबाधेची चर्चा होते ती माणसे तडकाफडकी दगावली की. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेले मृत्यू वाचकांना आठवत असतील. कंपवाताची गोष्ट निराळी आहे. येथे फवारणी आणि पहिली थरथर यांच्यामध्ये वीस-तीस वर्षे जातात. तोवर बाटलीवरचे नावसुद्धा कोणाच्या लक्षात राहत नाही.

एवढे सगळे वाचून त्या बाईंच्या बाबांविषयी निदान सांगता येईल का? नाही. हे आकडे समूहाचे आहेत. एकट्या माणसाचे जनुक तपासले, तरी त्याचा रोग कशाने झाला ते ठरत नाही. पण वाचताना आम्हांला आमचीच एक चूक कळली. दोघे भाऊ, एकच वाडी, एकच औषध, म्हणजे दोघांच्या अंगात गेलेले विष सारखेच, असे आम्ही धरून चाललो होतो आणि फरक फक्त रक्तात शोधत होतो. आयोवाच्याच शेतकऱ्यांवरचा २०१५ चा एक निबंध सांगतो की निम्म्याहून अधिक वेळा हातमोजे वापरणाऱ्यांत पॅराक्वाटचा कंपवाताशी संबंध दिसला नाही. न वापरणाऱ्यांत तो चांगला ठळक दिसला.

म्हणून आम्ही बाईंना फोन केला आणि एकच गोष्ट विचारली: औषध पाण्यात कालवायचे कोण?

त्यांनी घरी विचारून दोन दिवसांनी कळवले. फवारणी दोघे आळीपाळीने करत. कालवायचे काम मात्र नेहमी बाबांचे. काकांना त्या वासाने मळमळे, म्हणून ते तेवढा वेळ केळीत पाणी वळवायला जात. बाबा बादलीत हात घालून ढवळत, आणि पंपाची नळी तुंबली की तोंडाने फुंकून साफ करत.

भाऊ आता काय करतो, असे आम्ही विचारले.

"काठीनं ढवळतो," बाई म्हणाल्या. "मोजे आणून दिले मी. पण ते घातले की पंपाचा खटका नीट दाबता येत नाही म्हणतो."